दुपट्ट्याखालचा भाव
उकड्या तांदळाच्या वाफेचा वास आला की मला तुमसरची ती राइस मिल आठवते. वेबसाइटचं माझं पहिलं काम तिथलं. मालक पूर्वी बैलबाजारात दलाल होते. लॅपटॉपवर नमुना पाहून झाल्यावर त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा माझ्या हातावर टाकला आणि त्याखाली माझी बोटं दाबली. बाहेर धानाचा ट्रॅक्टर धडधडत होता. बैलांचा भाव असाच ठरतो एवढं मला ठाऊक होतं. किती बोटं म्हणजे किती हजार, ते नव्हतं. विचारायची लाज वाटली, म्हणून गप्प राहिलो. त्यांनी पुन्हा दाबली, या वेळी एक बोट जास्त. मी गप्पच. “काहून, अजून कमीच वाटून राहिलं का तुमाले?” म्हणत त्यांनी दुपट्टा ओढून घेतला. “मोठे पक्के आहा तुमी! घ्या, पंधरा हजार. याच्यावर एक रुपयाबी नाही.” मी पाच मागणार होतो. आता लोक फोनवरच भाव विचारतात. मी ठरवून गप्प बसतो. पण मधे दुपट्टा नसतो, आणि ती शांतता मोडून पहिला, कमीचा आकडा माझ्याच तोंडून निघतो.