भात्यावर निवडलेला माउथ ऑर्गन

बाबांच्या खोलीतून आज त्यांच्या जुन्या, छोट्या माउथ ऑर्गनचे सूर आले आणि मी दाराबाहेरच थांबले. नवा मीच आणून दिलाय, मोठा, बटणाचा. दुकानात तो ओठांना लावू देत नाहीत. दुकानदार छोट्या भात्यावर धरून एकेक सूर ऐकवतो. काय भरदार वाजला होता! भात्याला धाप लागत नाही, हे तिथं सुचलंच नाही. बाबा एक ओळ वाजवतात, थांबतात, श्वास गोळा करतात. आपल्या माणसाला काय झेपेल ते न विचारता आपण भारीतलं उचलतो, आणि वर त्याला माया म्हणतो.

मी दार ढकललं. बाबांनी घाईघाईने जुना उशीखाली सारला, नवा ओठांना लावला. दोन फुंकांतच धापा टाकत म्हणाले, "झकास आहे गं तुझा."