एकाच घरातली मतं

लग्नानंतर कुंडलला आल्यापासून मला वाचायला फारसं काही मिळत नव्हतं. मोबाइल आला, तशी बातम्यांची एक मराठी साइट सापडली. तिथं कुणीही बातमीची लिंक टाकायची, बाकीच्यांनी ती वाचून मत द्यायचं, खाली चर्चा करायची. जास्त मतं पडली की बातमी पहिल्या पानावर. खरं नाव कुणाचंच नसायचं. मी तिथं रमले.

शिराळ्याला माझ्या आईला अर्धांगवायू झाला, तेव्हा मी तिथंच विचारलं, काय करू? एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट बाई रोज सकाळी व्यायाम लिहून देऊ लागल्या. आज बोटं, उद्या मनगट. मी माहेरी राहून ते आईकडून करून घेत होते. चार महिन्यांनी आईनं डाव्या हातात कप धरला. पुढच्या झटक्यात ती गेली. ते कळवलं, तर तिथल्या कितीतरी अनोळखी माणसांनी दोन दोन ओळी लिहिल्या. सांत्वनाला घरी आलेल्यांपेक्षा त्यांचा मला जास्त आधार वाटला.

पुढच्या वर्षी धाकटे दीर पुण्यातली नोकरी सोडून आले आणि घरची हळद विकायला त्यांनी ऑनलाइन दुकान काढलं. दुकानाकडं कुणी फिरकेना.

"वहिनी, त्या साइटवर तुमचं वजन हाय," ते म्हणाले. "हळदीतल्या भेसळीची एखादी बातमी टाका. खाली लिवा, मी इथनं हळद घेते, चांगली असती. आणि आपली लिंक."

"भावजी, दुकान आपलंच आहे की."

"ते कशाला सांगायचं? हळद चांगली न्हाई व्हय आपली?"

हळद चांगलीच होती. मी लिहिलं. माझ्याच हातांनी लिहिलं. कुणी बळजबरी केली नव्हती.

दिरांनी मला न सांगता आठ खोटी खाती उघडली आणि त्या बातमीला मतं दिली. बातमी पहिल्या पानावर गेली. तीन दिवसांनी साइटच्या व्यवस्थापकानं सगळ्यांसमोर लिहिलं, की ही सगळी मतं एकाच घरातून आली आहेत आणि दुकानही त्याच घरचं आहे. माझं खातं बंद झालं. वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं.

खाली लोक माझं जुनं लिखाण उकरून काढत होते. एकानं लिहिलं, "आईच्या आजाराचं रडगाणंही ओळख वाढवायलाच असणार." त्याला भराभर मतं पडली. मग त्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी लिहिलं, "मी रोज सकाळी वेळ काढत होते. आई खरंच होती का, एवढंच कुणीतरी सांगा."

मी नवीन खातं उघडून लिहिलं, "होती." पण नव्या खात्यावर कोण विश्वास ठेवणार? दहा मिनिटांत तेही बंद झालं.

दिरांना सांगितलं, तेव्हा ते पार्सलला चिकटपट्टी लावत होते. "मनाला लावून घेऊ नका, वहिनी. ऑर्डरी लय आल्या की ह्या आठवड्यात." ते वाईट माणूस नाहीत. आईच्या तेराव्याला पुण्याहून येऊन पंगतीत वाढायला तेच उभे होते. पण त्या दिवसापासून त्यांना जेवायला वाढताना मी बोलत नाही, आणि घरात कुणी कारण विचारलेलं नाही.

दुकान चालतंय. मीही हळद भरते.

साइट अजून वाचते. मध्यंतरी पाटणच्या एका माणसानं लिहिलं, अर्धांगवायूनं वडिलांचा उजवा हात गेलाय, काय करावं? बाईंनी उत्तर दिलं, "आधी डॉक्टरांचा कागद इथं टाका." तो पुन्हा काही बोलला नाही. पहिल्या आठवड्याचे व्यायाम मला तोंडपाठ आहेत. मी त्याचा प्रश्न तीनदा वाचला आणि मोबाइल ठेवून दिला.