मयुरीला मी शिकवलेलं जर-तर

ये गं मैत्रिणी, पत्रातच का होईना, अशी जवळ सरक. दारात पाहुण्यासारखी काय उभी राहतेस? आणि एवढे महिने होतीस कुठे गं? नुसतं फोनवर ‘येते, येते’, आणि मी आपली गॅलरीत उभी. बरं, असू दे. रागावत नाही. आज मला कुणावर रागवायचा हक्कही नाही, कारण जे सांगणार आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवरा होता तेव्हा त्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा तिथवर येऊन मी दुसरंच काहीतरी पुटपुटते आणि उठते.

सहा वर्षं झाली. आत्ता लिहितानाही दोनदा कागद फाडलाय.

मयुरी माझी पुतणी, धाकट्या दिरांची थोरली. बोईसरला आमच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर राहतात. दीर तारापूरच्या कारखान्यात पाळीवर. या पोरीला वकील व्हायचं होतं. का, ते मला विचारू नकोस. लहानपणी नळावर दोन बायकांची जुंपली तरी ही मध्ये उभी राहून दोघींचं ऐकून घ्यायची, एवढं मला ठाऊक. बारावीनंतर कायद्याची प्रवेश परीक्षा द्यायची, सरकारी कॉलेजात नंबर लागला तर शिकायचं, नाही लागला तर नोकरी बघायची – दिरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. एकदाच. पुन्हा बसणं-बिसणं नाही. म्हणजे त्या एका परीक्षेवर सगळं होतं, आणि हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं. हे आधी सांगून टाकते, नंतर मी लपवीन.

त्या परीक्षेत एक भाग तर्काचा असतो. जर असं असेल तर तसं होतं, असं काहीतरी वाक्य देतात आणि विचारतात, मग यावरून खात्रीने काय म्हणता येईल? मयुरी बाकी हुशार, पण इथे तिचं घोडं अडायचं. खाली घरात टीव्ही चालू आणि रात्रपाळी करून आलेले वडील झोपलेले, म्हणून जाडजूड गाइड घेऊन ती माझ्याकडे यायची. मी जवळा निवडत बसायची आणि ती मोठ्याने प्रश्न वाचायची. मी सातवी पास. पुढचं सगळं पुड्यांच्या कागदांपासून वाचत वाचत आपलं आपण शिकलेली. ऐकता ऐकता मला ते प्रश्न कळायला लागले. निदान, कळतात असं वाटायला लागलं – यातला फरक मला कुठे माहीत होता?

मी सातपाटीची, समुद्रावरची. शब्दांनी तिच्या डोक्यात काही शिरेना, तेव्हा मी तिला आमच्या बंदरावर नेलं – म्हणजे बोलण्यात. म्हटलं, हे बघ, धोक्याचा बावटा लागला तर होड्या समुद्रात जात नाहीत. हे झालं जर-तर. आता होड्या निघालेल्या दिसल्या, तर काय? बावटा लागलेला नाही. पटलं? तिचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! आणि तिथवर माझं बरोबर होतं. तिथेच गप्प बसायचं ना? पण मी कसली गप्प बसतेय. मी ठसक्यात पुढे म्हटलं, “आणि होड्या सगळ्या काठाला दिसल्या, की समजायचं बावटा लागलाय!”

तिने ते वहीत लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या.

गाइडच्या मागची उत्तरांची पानं तिने ब्लेडने कापून माझ्या ताब्यात दिली होती. आपल्याला मोह नको म्हणून. “मोठीआई, तूच तपासायचं.” मी लाल पेन आणलं. चष्मा पुसला. काही ठिकाणी माझं आणि त्या पानांचं जुळेना. मी म्हणायची ‘बावटा लागलाय’, ती पानं म्हणायची ‘निश्चित सांगता येत नाही’. एकदा झालं, दोनदा झालं. मी ठरवून टाकलं, छापणाऱ्यांची चूक. एका प्रश्नाला तर मयुरीने आपणहून तेच लिहिलं होतं, सांगता येत नाही म्हणून. मी त्यावर फुली मारली. वर टोमणा – “वकीलबाई कोर्टात उभ्या राहून सांगता येत नाही म्हणणार का गं?” ती लाजली आणि खोडून माझं उत्तर लिहिलं.

बिल्डिंगभर माझं नाव झालं. बायका जिन्यात थांबवून मास्तरीणबाई म्हणायच्या. दीर, जे माझ्याशी सणासुदीला चार शब्द बोलत, ते वर येऊन म्हणाले, “वयनी, तुमी हाय म्हणून मला घोर नाय.” मला किती गोड लागलं ते! सातवी पास बाईला असं कोण म्हणतं?

मग होळी आली आणि मी माहेरी गेले. आमच्याकडे होळीला सगळ्या होड्या घरी येतात, सजवतात, पूजा होते. मी बंदरावर उभी. आभाळ लख्ख, वारा अगदी हलका, बावट्याचा पत्ता नाही – आणि होड्या झाडून सगळ्या काठाला. एकीला एक लागून.

मी बघत राहिले. भावजय हसून म्हणाली, “काय वन्सं, होड्या कदी बघितल्या नाय?” बघितल्या होत्या गं. जन्मापासून दर होळीला बघितल्या होत्या. होळीला काठाला असतात, गावात कुणी गेलं तरी असतात, डिझेल नसलं तरी असतात. कोळ्याच्या चार वर्षांच्या पोरालाही हे कळतं. मयुरीला कुठून कळणार? ती बोईसरच्या बिल्डिंगमध्ये वाढलेली. तिने बंदर माझ्याच तोंडून पाहिलेलं.

घरी परतले ती चप्पल काढायच्या आत डब्यातून ती पानं काढली. एकेक प्रश्न पुन्हा लावला. छापणाऱ्यांची एकही चूक नव्हती.

परीक्षेला किती दिवस होते? तुला वाटेल, आदल्या दिवशी कळलं असेल, काय करणार बिचारी. नाही. महिना होता. पुरा महिना. एका संध्याकाळचं काम होतं – ये गं, मी चुकले, ते रेघा मारलेलं वाक्य खोड. बस, एवढंच. रोज ती यायची, रोज मी ठरवायची, आज. ती वही उघडायची आणि मी चहा टाकायला उठायची. आता सांगितलं तर पोर गोंधळेल, तिचा धीर जाईल – असं मी मनाशी म्हणायची. ते खोटं होतं. मला त्या जिन्यातल्या बायका दिसत होत्या. दीर दिसत होते. मास्तरीणबाई राहायचं होतं मला.

परीक्षेचा दिवस आला. संध्याकाळी ती धावतच वर आली, गळ्यात पडली. “मोठीआई, तुझे होडीवाले सात प्रश्न आले! सातच्या सात सोडवले!” मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

पाच गुणांनी तिचं कॉलेज गेलं.

दीर शब्दाला पक्के. मयुरी आता कारखान्याच्या ऑफिसात माल आला-गेला ते लिहिते. नीटनेटकं काम आहे, तक्रार करत नाही. कुणी विचारलं तर सांगते, “मोठीआईने खूप मेहनत घेतली, माझंच डोकं चाललं नाय.” सहा वर्षं हे वाक्य मी ऐकते. दर वेळी वाटतं, हिने आता थांबावं.

पण हे लिहायला बसले ते एवढ्यासाठी नाही. एवढं कदाचित मी सरणावर सोबत घेऊन गेले असते.

यंदा धाकटी तन्वी त्याच परीक्षेला बसते आहे. दीर आता मऊ झालेत. आणि तिला माझ्याकडे कुणी पाठवलं? मयुरीने. गेल्या रविवारी तन्वीला मी शिकवलं, या वेळी बरोबर. होड्या काठाला दिसल्या म्हणून बावटा लागलाच असं नाही, कारणं दुसरीही असतात. मयुरी तिथेच पाय पसरून जवळा निवडत बसली होती. तिचा हात थांबला. म्हणाली, “मी तर उलटंच लक्षात ठेवलं होतं गं, मोठीआई. मी चुकीचं ऐकलं का तेव्हा?”

तिने विचारलं. माझ्या तोंडावर, आपणहून विचारलं – याहून सोपं कुणी काय करून देणार? आणि मी काय म्हटलं? डोळे तन्वीच्या वहीवरून न उचलता म्हटलं, “तुझं लक्ष होतं कुठे तेव्हा!”

मयुरी हसली. बहिणीला म्हणाली, “बघ हां, तू तरी नीट ऐक.”

सहा वर्षांपूर्वीचं वाक्य अजाणता गेलं होतं. हे जाणून गेलं. ती वही अजून तिच्याकडे आहे, माझं वाक्य तिच्या अक्षरात, खाली दोन रेघा. एवढंच सांगायचं होतं. तू मला बरं-वाईट काही म्हणू नकोस.

लवकर ये. फोनवर नको, खरीखुरी ये. रविवारी चारच्या सुमाराला दोघी बहिणी इथेच असतात. तुझ्यादेखत मी मयुरीला सांगेनच, असं म्हणत नाही. पण ये.