राउंडअबाउटला मी थांबले होते

आमची गाडी जुनी आणि तिचा विमा किमान, म्हणजे थर्ड पार्टी. ओमानात एवढा तरी असावाच लागतो, त्याशिवाय मुल्किया, म्हणजे गाडीची नोंदणी, पुढे चालू होत नाही. हा विमा आपण ठोकलेल्या दुसऱ्याच्या गाडीचं भरून देतो. आपली गाडी आपण निस्तरायची. नवरा एकटा चालवत होता तोवर हा विमा घरात कुणाला कमी वाटला नव्हता. मी लायसन्स काढलं आणि तो एकदम अपुरा झाला.

"तू चालवणार तर फुल इन्शुरन्स हवा," नवरा म्हणाला. कंपनीने गाडीचं वय बघून फुल द्यायला नकार दिला. "मग राहू दे," तो म्हणाला. जणू प्रश्न सुटला!

मला अल मवालेहच्या एका बालवाडीत नोकरी लागली होती. बी.एड. करून लग्न झालं, इथे आले आणि इतकी वर्षं वादी कबीरच्या फ्लॅटमध्ये डबे भरत बसले होते. शाळेची बस आमच्या बाजूला येत नव्हती आणि रोजची टॅक्सी परवडणारी नव्हती. गाडी नाही तर नोकरी नाही, इतकं साधं होतं. मांडून ठेवलेल्या रिकाम्या ड्रमच्या मधून गाडी मागे घ्यायच्या परीक्षेत नापास होऊन होऊन मी पास झाले होते, ते काय लायसन्स पर्समध्ये मिरवायला? "कायद्याला थर्ड पार्टी चालतो, तर मलाही चालेल," मी म्हटलं आणि चावी घेतली. नवरा शेजारच्यांच्या गाडीतून ऑफिसला जाऊ लागला, तोंड फुगवून.

आणि एका सकाळी शाळेच्या वाटेवर, एका वर्कशॉपच्या पुढच्या राउंडअबाउटला, म्हणजे गोल चौकात, मला ठोकर बसली. गोलातून गाड्या येत होत्या, त्यांना आधी जाऊ द्यायचं म्हणून मी थांबले होते. मागून एक पिकअप येऊन धाडकन आदळली. मान हिंदकळली, डिकी आत गेली. उतरून बघते तर चालवणारा इथल्या आमच्याच मराठी मंडळातला, नवऱ्याच्या तालुक्यातला. दर गणपतीत आमच्याकडे जेवायला असतो. पिकअप त्याच्या अर्बाबची, म्हणजे मालकाची.

आधी त्याने मला लागलंय का विचारलं. मग हात जोडले. "वयनी, तुमी रिव्हर्स घेतलास म्हणान सांगा. तुमचो इन्शुरन्स माझ्या गाडयेचा भरून देतलो. माझी चूक धरली तर अर्बाब माका परत गाडी देवचो नाय."

इथे कुणाला लागलेलं नसेल तर चूक कोणाची ते दोघांनी आपसात ठरवायचं, कागद भरायचा आणि खलास. वाद असेल तरच पोलीस बोलवायचे. आपल्या माणसांत वाद सहसा होत नाही. ज्याला झेपेल तो चूक अंगावर घेतो आणि पुढच्या पूजेला दोघं एका पंगतीत बसतात.

त्याचा चेहरा उतरला होता. मी बहुतेक हो म्हटलंही असतं. पण मला धीर देण्यासाठी तो पुढे म्हणाला, "नवीन शिकतत तेंच्याकडून होता तसा. कोण काय बोलाचा नाय."

मी नवऱ्याला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "घे गं अंगावर. आपलाच माणूस आहे. नाहीतरी सगळे तुझीच चूक समजणार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे खोटं एकदा बोलले की डिकीचा खर्च आमच्याच गळ्यात पडणार होता, ते सोडा. मी मागे न बघता रिव्हर्स घेणारी बाई ठरणार होते आणि त्या बाईच्या हातात कुणी पुन्हा चावी देणार नव्हतं. त्याची गाडी वाचणार होती ती माझी घालवून.

"तुमची नोकरी तशी माझीही नोकरीच आहे, भाऊ," मी त्याला म्हटलं आणि पोलिसांना फोन केला.

पोलीस आला. माझं हिंदी त्याच्या हिंदीपेक्षा फार बरं नव्हतं, पण "मैं खड़ी थी, पीछे से मारा" एवढं त्याला कळलं. दोन्ही गाड्या बघून पोलिसाने पिकअपवाल्यालाच विचारलं. त्याने मान खाली घातली आणि हो म्हणाला. पुढे अर्बाबने त्याला हमरियातल्या दुकानात बसवलं, पिकअप दुसऱ्याला दिली. त्याची बायको मंडळात माझ्याशी बोलत नाही. मला वाईट वाटतं, खूप वाटतं. पण तसंच पुन्हा घडलं तर मी तेच सांगेन.

त्या सकाळी पोलीस जाईपर्यंत नवरा टॅक्सीने धावत आला. चेपलेल्या डिकीवरून हात फिरवला, मला काही झालं नाही ना बघितलं आणि चावीसाठी हात पुढे केला. मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. तो दुसऱ्या बाजूने आत आला. राउंडअबाउटला परत थांबले, आतल्या गाड्या जाऊ दिल्या, मग निघाले.

शाळेच्या फाटकाशी, ऑफिसची टॅक्सी धरायला उतरताना तो म्हणाला, "संध्याकाळी मी न्यायला येतो."

"कशाने येणार?" मी विचारलं. "गाडी माझ्याकडे आहे."