कडब्यानं अडवलेलं पाणी

आमचे अप्पा चाकूरच्या शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक शेतात जीव रमवतात, देवाधर्माला लागतात. अप्पांनी चीन धरला. तोही अख्खा नाही, फक्त तिथल्या नद्या. बादशहांच्या काळात तिथलं सरकार नद्या, कालवे आणि बांध कसे सांभाळायचं, एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी वह्यांवर वह्या भरल्या. मी अर्धापूरकडे कालव्यावर शाखा अभियंता. त्यामुळे हे सगळं ऐकायला माझ्याइतकं लायक माणूस मराठवाड्यात दुसरं नाही, अशी त्यांची खात्री होती. सकाळी मी डबा भरत असले की फोन वाजायचाच.

"पोरी, काल काय वाचलं सांगू? पिवळ्या नदीसाठी सरकारचं वेगळं खातं होतं. नदीचे शिपाई वेगळे, साहेब वेगळे. आन बांध फुटला तर त्या साहेबाच्या गळ्यात लाकडी फळी अडकवून त्याला नदीकाठी उभा करायचे. सगळ्यांसमोर!"

"अप्पा, मला ऑफिसला जायचंय."

"म्हणून तर सांगून राहिलो."

एके दिवशी ते ज्वारीवर आले. तिथं बांध फुटला की ज्वारीच्या धाटांच्या प्रचंड गुंडाळ्या करून त्या भगदाडात सोडायचे. पावसाळ्याआधीच बांधावर धाटांच्या गंज्या रचून ठेवायचे. शेतकऱ्यांकडून धाटं गोळा करायचा सरकारी हुकूम असायचा. "आपला कडबाच की गं!" अप्पा फोनवर अक्षरशः ओरडत होते. मी "हं, हं" करत पोळ्या गुंडाळल्या आणि विसरून गेले.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी उन्हाळ्याच्या पाळीचं पाणी सुटलं. केळीवाले वाटच बघत होते. आदल्या दिवशी अवकाळी पावसाची मोठी सर येऊन गेली होती आणि काळी जमीन लोण्यासारखी झाली होती. सकाळी नऊच्या सुमाराला आमच्या चौकीदार चाचांचा फोन आला. चाचांची सारी नोकरी या कालव्यावर गेली. ते कधी घाबरत नाहीत. त्या दिवशी त्यांचा आवाज वेगळा होता.

"मॅडम, भराव फुटला. जल्दी या. पाणी हळदीकडं चाललंय."

मी गाडी रस्त्यावर सोडली आणि चिखलातून पळत गेले. कालव्याच्या काठाच्या मातीच्या भरावाला आठेक फुटांचं भगदाड पडलं होतं. त्यातून पाणी घुसळत खाली उतरत होतं आणि कडेची माती ढेकळाढेकळानं तोडत होतं. खाली थोड्या अंतरावर वस्ती. वस्तीसमोरच्या खळ्यावर शिजवलेली हळद वाळत घातलेली, पिवळीधम्मक. दोन-तीन घरांचं वर्षाचं पीक. बाया घमेल्यांनी, लुगड्याच्या ओच्यानं हळद उचलत होत्या, पण ते कितीसं उचलणार?

वरचं गेट बंद करायला मी वाटेतच सांगितलं होतं. पण कालव्यात भरलेलं पाणी संपायला दुपार टळली असती. जेसीबी बोलावला, तो पाणंदीतच चाकांपर्यंत रुतला. मातीची पोती टाकली. एक टाकलं, गेलं. दुसरं टाकलं, तेही गेलं. चाचा म्हणाले, "पोतं टिकत न्हाई मॅडम. काहीतरी लांबलचक पाहिजे, आडवं बसणारं."

मी मान वर केली आणि मला समोर कडब्याची गंजी दिसली.

अप्पांचा तो सकाळचा आवाज कानात घुमला आणि मी गंजीकडे धावत सुटले.

गंजीपाशी एक म्हातारी उभी होती. कमरेत ताठ, हातात विळा. मागे तिची देवणी बैलांची जोडी बांधलेली. मी धापा टाकत म्हणाले, "मावशी, कडबा पाहिजे."

"कशाला?"

"भगदाडात घालायला."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "हळद माही न्हाई, बाई. कडबा माहा हाय. माह्या बैलांनी उन्हाळाभर काय खावं?"

"सरकारी काम आहे, मावशी."

"सरकार कडबा खातं का?"

मला खोटं बोलता आलं नाही. "हे मी कधी केलेलं नाही. पूर्वी चीनमध्ये असं करायचे. ज्वारीच्या धाटांनी नदी अडवायचे."

"चीनमधी बी ज्वारी व्हती?"

"हाव. माझ्या वडिलांनी वाचलंय."

तिनं खाली वस्तीकडे पाहिलं. एक बाई पाण्यात गुडघे टेकून हळद खरवडून गोळा करत होती. मावशीनं विळा कमरेला खोचला. "ने," ती म्हणाली. "पर इस्कटू नको."

वस्तीतले दहा-बारा जण आले. आम्ही पेंढ्या एकावर एक रचल्या, बैलगाडीच्या नाड्यानं, त्या जाड दोरानं, आवळल्या आणि तो भारा भगदाडाच्या तोंडाशी ढकलला. क्षणभर तो अडकला. मी "बसला! बसला!" म्हणून ओरडलेसुद्धा. मग तो फुगा उचलावा तसा वर उचलला गेला, गर्रकन फिरला आणि भगदाडातून सुसाट खाली गेला. मावशीचा कडबा लोकांच्या हळदीवरून वाहत चालला. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

मी फोन लावला. "अप्पा, कडबा तरंगून राहिलाय!"

काय, कुठं, कशासाठी, असं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. "पोटात माती भरली का?"

"नाही!"

"अगं, पोटात ओली माती घालायची! चटईसारखं अंथरायचं, मधी वजन ठेवायचं, मग गुंडाळायचं. आन भगदाडात नको टाकू. आतल्या अंगानं सोड, पाण्याच्या बाजूनं. पाणीच त्याला दाबून बसवतं! लांबी भगदाडापेक्षा जास्त ठेव!"

मी हे सगळं मोठ्यानं सांगत होते. मावशी पुढे आली आणि तिनं माझ्या हातातला नाडा काढून घेतला. "सरक. पेंढी बांधायची तुमाला काय ठावं? असं बांधल्यावर सुटंल न्हाई तर काय व्हईल?"

तिथून पुढे काम तिचं. तिनं चार नाडे भरावावर आडवे टाकायला लावले. त्यावर पेंढ्या, एकीचे शेंडे दुसरीच्या बुडख्यात, असा जाड थर. मधोमध ओल्या मातीची पोती. मग सगळ्यांनी एका बाजूनं गुंडाळत आणलं. दर हातभर अंतरावर तिनं धाटांनाच पीळ देऊन गाठी मारल्या. अशा गाठी की चाचा बोटानं ओढून बघत राहिले. गुंडाळी माझ्या कमरेएवढी उंच झाली आणि भगदाडापेक्षा चांगली चार फूट लांब.

नाड्यांची टोकं बाभळीला आणि ठोकलेल्या मेखांना बांधली. चाचा भरावावर उंच जागी उभे राहिले आणि त्यांनी डोक्याचा पंचा सोडून हातात धरला. पंचा खाली आला की नाडा एक हात सैल सोडायचा. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अप्पा फोनवर होते. मी त्यांना सांगितलं तसं ते किंचाळले, "तिथं बी माणूस निशाण घेऊन असाच उभा राहायचा! असाच!"

पंचा खाली. एक हात. पंचा खाली. अजून एक हात. गुंडाळी पाण्यात शिरली, जड झाली, नाडे करकरले. बाभळीची साल सोलून निघाली. आणि मग एकदम धप्प असा आवाज आला. पाण्यानं गुंडाळीला उचलून भगदाडाच्या तोंडाशी आणलं आणि तिथंच दाबून धरलं.

पाण्याचा आवाज बदलला. गर्जना होती, तिची खळखळ झाली.

मावशी खेकसली, "बघता काय? दुसरी बांधा!"

दुसरी पहिलीवर बसली. तिसरी लागली नाही. आता पोती टिकू लागली. आम्ही रांगेनं उभे राहून माती टाकली, पहारीच्या बुंध्यांनी धुम्मस करून ती ठोकून बसवली. माझे हात सोलवटले होते आणि मी हसत होते, चिखलानं भरलेली, वेड्यासारखी. बारा वाजेपर्यंत वस्तीकडे जाणारं पाणी बोटभर धारेवर आलं. खळ्यावरची निम्म्याहून जास्त हळद वाचली. ज्यांची वाचली त्यांनी संध्याकाळच्या आत आपापल्या गंजीतला कडबा मावशीच्या बैलांपुढे आणून टाकला. तिनं एकालाही "कशाला आणलं" असं म्हटलं नाही.

वरच्या साहेबांनी विचारलं, "अहवालात काय लिहू?" मी म्हणाले, "स्थानिक साहित्य वापरून तात्पुरता बंदोबस्त." ते म्हणाले, "फोटो पाठवा. मला घरी दाखवायचेत." चार दिवसांनी जमीन सुकल्यावर मुरूम आणून भराव पक्का केला.

मुरूम पडण्याआधीच, तिसऱ्या दिवशी, अप्पा आले. चाकूर, नांदेड, अर्धापूर, बस बदलत बदलत. काखेत वही. ते चप्पल काढून भराव चढले आणि गुंडाळीच्या उघड्या टोकावर हात फिरवत किती वेळ बसून राहिले. मग मावशीला म्हणाले, "आक्का, ती गाठ एकदा दाखवा." तिनं दाखवली. त्यांना जमेना. तिनं पुन्हा दाखवली. माझे अप्पा, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना इतिहास शिकवला, तिच्यासमोर मांडी घालून धाटं वळत होते आणि पंधराव्या गाठीला लहान पोरासारखे ओरडले, "जमली!"

मावशीनं गाठ ओढून पाहिली आणि विचारलं, "गुरुजी, तिकडं बाया बी असायच्या का ह्या कामाला?"

अप्पांनी चष्मा काढला. "म्या वाचलं तेवढ्यात तर कुठं न्हाई, आक्का."

"मंग पेंढ्या कोन बांधायचं?"

अप्पांनी वही उघडली, मांडीवर ठेवली आणि तो प्रश्न तारखेसकट लिहून घेतला.