तुडुमावर मी नव्हतो

भूतखेत, चकवा... असल्या गप्पांवर मी आयुष्यभर हसत आलो, आजही हसतो. पण ही एक गोष्ट गळ्यात अडकलीय, म्हणून लिहितोय.

सत्तरच्या दशकाचा शेवट. नाकाडोंगरीकडचं आमचं गाव. मी पाणकर, म्हणजे तलावाचं पाणी शेतकऱ्यांना पाळीनं वाटणारा. पाणी सुटायच्या जागेला आम्ही तुडुम म्हणतो. त्याच्या लाकडी दट्ट्याला पाणकराशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा गावाचा नेम. त्या वर्षी पावसानं दगा दिला, तलावात एकाच पाळीचं पाणी उरलं. आता सोडावं, की धान गर्भात येईपर्यंत, म्हणजे लोंबी धरायच्या वेळेपर्यंत, आठ दिवस थांबावं? ठरवायचं मीच.

कोणी चोरून पाट फोडू नये म्हणून चार दिवस, चार रात्री जागलो. डोकं कामातून गेलं. बिडीसाठी काडी पेटवायचो आणि बोट भाजेपर्यंत नुसता बघत बसायचो — पुढे काय करायचं तेच सुचेना. थांबायचं ठरवायचो, दहा पावलांवर विसरायचो. पाचव्या दिवशी सकाळी बायको, शेवंता, हाताला धरून घरी घेऊन गेली.

"अजी, घडीभर निजा. मी बसून राहतो इथंच," ती म्हणाली.

दिवस बुडताना जाग आली. शेवंता दाराला पाठ लावून शेजारीच बसली होती. तलावावर गेलो तर नुसता चिखल. पाणी धानाच्या बांध्या, म्हणजे शेतातले वाफे, भरून नाल्याला वाहून गेलेलं. तिघं शेतकरी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसले होते.

"तूच तं आला दुपारी," एक म्हणाला. "दट्ट्या काढला न चालला गेला. आमी कायले हात लावू?"

नेम मोडायचा नाही म्हणून दुपारभर ते पाणी जाताना बघत बसले होते!

धान पोचट निघालं, सगळ्या गावाचं. शेवंतानं चारचौघांत लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "हे उठलेच नाई." गाव म्हणालं, नवऱ्याले वाचवून राहिली. पुढे तिला कोणी रोवण्याला, धानाची रोपं लावायला, बोलावलं नाही.

एका डॉक्टरांनी सांगितलं, जागरणानं माणसाची ठरवायची ताकद जाते, झोपेत माणूस चालतोही. मान्य. पण आमची एकच खोली, एकच दार, आणि त्या दाराला पाठ लावून ती बसलेली... तरी तिघांनी पाहिलं ते कोण, मला आजवर उलगडलेलं नाही.

दोन वर्षांनी ती तापानं गेली. आदल्या दिवशी म्हणाली, "तुमाले तरी खरं वाटते नं?"

तेव्हा तर माझी झोप पुरी होत होती, डोकं ठिकाणावर होतं. तरी मी म्हणालो, "मले नाई समजत."

हो म्हणायला काय जात होतं माझं?