भावकूनं उचललेला भंडारा

बेळगुंदीत कुणी पाहुणा भावकूचं घर विचारत आला, की पोरं म्हणतात, "सायकलवाला भावकूआप्पा व्हय?" गावात सायकल आता शाळेतल्या पोरांपुरती. भावकू मात्र उद्यमबागच्या फौंड्रीत रोज सायकलवरच जातो. घाम गाळत जातो, काळा होऊन येतो.

त्याच्याकडंबी मोटरसायकल हुती. थोरला स्वरूप बापाला मागं बसवून कामाला न्यायचा. एका संध्याकाळी एकटाच येत हुता, वळणावर टिप्परखाली गेला. बाराव्या दिवशी भावकू जेवणावरनं उठला, देवळात गेला आणि गावादेखत भंडारा उचलला, "माझ्या घरात पेट्रोलची गाडी येनार न्हाय." देवापुढची हळद, म्हंजे भंडारा, मुठीत घिऊन दिलेला शब्द आमच्याकडं मोडत नसतात. बायको मालुबाई खांबाला टेकून बसलेली. तिला कुणी विचारलं न्हाय. धाकटी सौम्या तवा शाळेत, तिलाबी न्हाय.

सौम्या शिकली, बेळगावात एका दवाखान्यात नर्स झाली. सायकलवर जायची. मग पहाटेची पाळी लागली. तवा बस नसते. बाप पुढं, पोरगी मागं, अशा दोन सायकली धुक्यातनं निघायच्या. एकदा कुत्रं अंगावर आलं, सौम्या पडली. कोपर सोलून, उशिरा पोचली. वरच्या सिस्टरनं सगळ्यांदेखत कानडीत झाडली.

"आप्पा, मी स्कूटर घेते."

"भंडारा उचललाय, बाय."

"तुमी उचललाय. मी न्हाय."

देवळाचा पुजारी भरमा म्हणाला, "नारळ ठेव, मी गाऱ्हाणं घालतो. देव सोडतोय रं. देव म्हंजे काय कोर्ट हाय?"

"देव सोडंल," भावकू म्हणाला. "मी सोडनार न्हाय."

मग सौम्यानं स्कूटर घेतली आणि घरात आणलीच न्हाय. गावाभायेर मारुतीरावांच्या गोठ्यात लावायची, तिथनं घरापतोर चालत यायची. "पोरीनं देवाम्होरं वकील उभा केला!" म्हणून गाव हसलं.

 भावकू मात्र पहाटे तिच्याआधी निघून स्वरूप गेला त्या वळणावर थांबायला लागला. ती पुढं गेली की मग फौंड्रीची वाट धरायचा. एक दिवस तिनं वळखलं आणि गाडी थांबवली.

"आप्पा, हितं काय करताय?"

"चेन पडलीया."

चेन जागेवरच हुती.

"रोजच पडती व्हय?"

तेवढ्यात मागनं टिप्पर हॉर्न मारत आला. भावकूनं सायकल टाकली आणि पोरीला दंडाला धरून हिसडली. स्कूटर आडवी झाली, सौम्याचा पाय खाली सापडला. टिप्पर आपल्या बाजूनं, लांबनंच निघून गेला.

गुडघ्यातनं रगत येत हुतं. सौम्या उठली, गाडी उचलली. बाप हात लावायला गेला तर म्हणाली, "नगो. तुमच्या भ्यानंच मरीन मी एक दिवस."

चार दिवसांत तिनं शहापुरात खोली बघितली, दवाखान्याला चालत जाण्याजोगी. स्कूटर विकून टाकली. मालुबाईनं स्टोव्ह, दोन पातेली, अंथरूण बांधून दिलं. रिक्षा गेल्यावर ती भावकूला म्हणाली, "झालं आता? दोन्ही लेकरं गेली त्याच रस्त्यानं."

भावकू अजून सायकलवरच जातो. वळणावर थांबत न्हाय. मान खाली घालतो आणि पायडल मारत राहतो.